रिबकाबाई आणि न ऐकलेलं नाव

रिबकाबाई कुणाच्याही घरी गेल्या की उंबऱ्याबाहेर बसायच्या आणि सगळ्यांत आधी विचारायच्या, "काल स्वप्नात काय दिसलं?"

त्या मिशनच्या बायबलबाई होत्या. पुरुष उपदेशकाला ज्या घरांत पाऊल टाकता येत नसे, तिथं जाऊन बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या आणि येशूचं नाव त्यांच्या कानावर घालायचं, हे त्यांचं काम. महाड गाव, सावित्रीच्या काठच्या वाड्या आणि पोलादपूरच्या वरचा डोंगर असा त्यांचा मुलूख होता. मी मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवत असे. साहेबांच्या बंगल्यामागे आम्हा दोघींच्या खोल्या होत्या, मध्ये कुडाची एक भिंत. भिंतीपलीकडून त्यांचं गुणगुणणं ऐकू यायचं. सूर भजनाचा असे, पण शब्द कधी पुरे होत नसत. मध्येच त्या कशात तरी हरवून जायच्या, आणि मी उरलेली ओळ मनातल्या मनात पुरी करायची.

चाळिशीच्या आसपासच्या होत्या. बुटक्या, सावळ्या, चालणं अगदी संथ. हातात काळी छत्री असायची, पण उन्हात ती कधी उघडायच्या नाहीत. म्हणायच्या, "छत्री उघडली की लांबून मी कुणी सरकारी माणूस वाटते. बायका आत पळतात."

उपदेश ऐकायची बायकांची तयारी असायची, पण हातातलं काम न थांबवता. तांदूळ निवडता निवडता एक कान इकडे. स्वप्नाचं विचारलं की मात्र सूप खाली ठेवलं जायचं. एका कारकुनाच्या बायकोला माहेरच्या विहिरीत दूध दिसलं होतं. मोहल्ल्यातल्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याची म्हातारी आई म्हणाली होती, शिडं लावलेलं गलबत डोंगर चढून जात होतं आणि तिचे अब्बा सुकाणूपाशी बसले होते. रिबकाबाई डोळे मिटून ऐकायच्या. अर्थ कधी सांगायच्या नाहीत. सगळं सांगून झालं की म्हणायच्या, "आता माझं ऐका," आणि हरवलेलं मेंढरू शोधत फिरणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट सुरू करायच्या. मेंढपाळ वरंधच्या बाजूचा असायचा. घाटातल्या कड्यावर रात्रभर हाका मारत फिरायचा.

साहेबांना हे दोन्ही पसंत नव्हतं. साहेब म्हणजे आमचे मिशनरी. साठीकडे झुकलेले, उंच, अत्यंत सरळ मनाचे. त्यांची मराठी शुद्ध आणि पुस्तकी होती. ते म्हणायचे, "स्वप्ने आणि दर्शने प्रेषितांच्या काळाबरोबर संपली. आता लिहिलेले वचन पुरेसे आहे. आणि यहूदा देशातली गोष्ट वरंधला कशी घडेल?"

"साहेब, यहूदा त्यांनी पाहिलेला नाही. वरंध पाहिलंय," एवढंच रिबकाबाई म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी मेंढपाळ पुन्हा वरंधच्या कड्यावर.

माघातल्या एका सकाळी मी त्यांच्याबरोबर नदीवर गेले होते. धुकं इतकं दाट की सावित्री नाहीशीच झाली होती. काठ संपायचा तिथं जगच संपल्यासारखं वाटत होतं. पांढऱ्यातून वल्ह्याचा आवाज येत होता, होडी मात्र दिसत नव्हती. रिबकाबाई त्या आवाजाकडं कान लावून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "सुशीलाबाई, मेल्यावर असंच असेल असं मला वाटतं. दिसायचं काही नाही, पण कुणीतरी आपल्याकडे येतंय एवढं कळायचं." मी साहेबांच्या शाळेत वाढलेली. असं म्हणावं की म्हणू नये याचाच मी विचार करत राहिले. तेवढ्यात त्या पुढं चालायला लागल्या होत्या.

चवदार तळ्याचं प्रकरण होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. गावात त्याबद्दल सगळे हलक्या आवाजात बोलायचे आणि सतत बोलायचे. ज्यांना त्या पाण्याला हात लावू दिला जात नव्हता त्यांच्या वस्तीत रिबकाबाई नेमानं जायच्या. तिथं एका म्हाताऱ्या बाईनं त्यांना विचारलं, "तुमच्या त्या स्वर्गात तळं हाय का?"

"जिवंत पाण्याची नदी आहे असं लिहिलंय," रिबकाबाई म्हणाल्या.

"मंग तिथं आमाला पानी भरू देतील का?"

रिबकाबाईंनी मांडीवरची छत्री बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "तिथं तुला अडवणारा कुणी असेल, तर मीसुद्धा तिथं भरणार नाही."

हे बंगल्यावर कळलं आणि त्यावरून वाद सुरू झाला. त्या वर्षी आमच्या मंडळीत, म्हणजे इथल्या चर्चमध्ये, नवे पाळक आले होते. शिकलेले, तरुण, बोलण्यात धार. त्यांचं म्हणणं असं की माणसाला आधी पाणी द्या, शाळा द्या, माणूस म्हणून उभं राहू द्या. देवाचं राज्य म्हणजे तेच. साहेबांचं म्हणणं, पाणी आज प्यायलं तरी उद्या तहान लागतेच. आत्मा एकदा हरवला तर सर्वकाळ हरवला. दोघंही मनापासून बोलायचे. व्हरांड्यात चहा निवत असायचा आणि दोघं आपापल्या बाजूनं रिबकाबाईंच्या त्या वाक्याचा दाखला द्यायचे. पाळक म्हणायचे, बघा, ही खरी सुवार्ता. साहेब म्हणायचे, बघा, भावनेच्या मागे लागले की शास्त्र कसे सुटते. रिबकाबाई पायरीवर बसून आंब्याच्या मोहोराकडे बघत असायच्या. आपल्याबद्दल चाललंय हे त्यांना कळत होतं की नव्हतं, कुणास ठाऊक.

एकदा मात्र त्या मध्ये बोलल्या. पाळक म्हणाले होते की नरक म्हणजे काही खरोखरीचा अग्नी नव्हे, ती मनाची एक अवस्था आहे. रिबकाबाईंनी मान वर केली. "मग स्वर्गही मनाचाच का?"

पाळक जरा हसले. "एका अर्थानं, हो."

"तसं असेल तर मी इतकी वर्षं बायकांना कुठं बोलावतेय?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, वाट चुकलेल्या माणसानं विचारावं तसं. पाळकांनी समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं हे मला दिसत होतं.

पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे. तिथं भागी नावाची बाई होती. नवरा मुंबईला गिरणीत. एकुलता एक मुलगा, आठ-नऊ वर्षांचा, श्रावणात ओढ्यापलीकडे गेलेल्या म्हशीला आणायला गेला आणि लोंढ्यात वाहून गेला. त्यानंतर महिन्याभरानं रिबकाबाई त्या वाडीवर पहिल्यांदा पोचल्या होत्या. पुढं जात राहिल्या. भागी ऐकायची. इतर बायका गोष्ट म्हणून ऐकायच्या. ही मात्र, कुणी वाट सांगत असावं आणि आपल्याला त्या वाटेनं जायचं असावं, तशी ऐकायची.

दिवाळीच्या सुट्टीत मी रिबकाबाईंबरोबर तिथं गेले. पोलादपूरचे मिशनचे उपदेशकही बरोबर होते. ते जरा लांब आंब्याखाली टेकले. भात झोडून झालेलं होतं. खळ्यावर पेंढ्याचा उबदार वास होता आणि समोर घाटातले डोंगर एकामागं एक फिकट होत गेले होते, शेवटचा तर आहे की नाही तेच कळत नव्हतं.

"काय दिसलं, भागी?" रिबकाबाईंनी विचारलं.

"माझा गणू दिसला," भागी म्हणाली. "नदीच्या पल्याड उभा हुता. अंगावर कोरडी कापडं. मी हाका मारतेय, तो हसतोय, पन येत नाय."

रिबकाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. भागी पुढं सरकली.

"बाय, एक इचारू? तुमी म्हनता त्याचं नाव घेतलं की मेल्यावर त्याच्या घरी जागा हाय. मला पटतंय. तुमचं ते डोक्यावर पानी घ्यायचं करायला मी तयार हाय. पन माझ्या पोरानं ते नाव ऐकलंच नाय. तुमी आलाव तवा तो जाऊन महिना झालता. मंग तो कुठं हाय?"

रिबकाबाईंनी डोळे उघडले. "मला माहीत नाही, भागी."

"तुमच्या सायबाला ठावं हाय?"

"साहेब म्हणतात, जो नाव न ऐकता गेला तो बाहेर राहिला."

भागीनं मान हलवली. रडली नाही. एखादा व्यवहार ठरवावा तशी म्हणाली, "मंग मी बी भायेरच राहीन. पोराजवळ कुनीतरी पायजे."

आंब्याखालून उठून उपदेशक खाकरत माझ्यामागं येऊन उभे राहिले. रिबकाबाईंनी भागीचा हात हातात घेतला. त्या इतक्या हळू बोलल्या की मला आणि उपदेशकांना पुढं वाकावं लागलं. "मी साहेबांनी शिकवलेली बाई आहे. तरी हे माझं ऐक. ज्याच्या घरी मी तुला बोलावते त्यानं हरवलेल्यांसाठी डोंगर पालथे घातले. त्याची माया तुझ्या मायेपेक्षा उणी असेल असं मला वाटत नाही. गणू त्याच्या नजरेआड आहे असं मी तुला सांगणार नाही. कुणी सांग म्हटलं तरी नाही."

उतरताना त्या छत्री टेकत चालत होत्या. खाली पोलादपूर दिसायला लागलं तेव्हा एकदम म्हणाल्या, "आता हे वर जाईल." वर म्हणजे बंगल्यावर. उपदेशक आमच्या पुढं झपझप चालले होते.

फाल्गुनात एका दुपारी त्यांना बंगल्याच्या व्हरांड्यात बोलावलं गेलं. साहेब होते, पाळक होते, मंडळीचा कारभार बघणारे वडीलजन होते. साहेबांच्या पत्नी, मडमबाई, कोपऱ्यात विणत बसल्या होत्या. मी वाडीवर हजर होते म्हणून मलाही बोलावलं होतं. बाहेर ऊन इतकं की अंगणातली जास्वंद, कुंपण, फाटक सगळं पाण्यात असल्यासारखं हलत होतं.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही त्या स्त्रीला असे बोललात?"

"हो, साहेब."

"तारण दुसऱ्या कोणाच्या नावाने आहे काय?"

"नाही."

"मग?"

"नाव एकच आहे. पण ते कुठवर पोचतं हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी डोंगर चढून जाते तिथवर पोचतं, एवढं मला दिसतं. त्यापलीकडं ते थांबतं की पुढं जातं, हे मला दिसत नाही."

पाळकांचा चेहरा उजळला. ते काही बोलणार होते, पण साहेबांनी हात वर केला. ते खुर्चीत पुढं झुकले. "न ऐकलेल्यांनाही तारण असेल, तर रिबका, मी येथे का आलो?"

बंगल्यामागं पारिजातकाखाली एक लहानशी कबर होती. साहेबांची मुलगी, बोलायला शिकण्याआधीच महाडच्या तापानं गेलेली. प्रत्येकाला ती कबर माहीत होती. ती मुलगी कुठं आहे, तिनं कोणतं नाव ऐकलं होतं, एवढं विचारलं असतं तर वाद तिथंच संपला असता. मला वाटलं रिबकाबाई आता विचारणार. पाळकांनाही तसंच वाटलं असावं. ते श्वास रोखून बघत होते. मडमबाईंच्या सुया थांबल्या होत्या.

रिबकाबाईंनी ते विचारलं नाही.

त्या म्हणाल्या, "तुम्ही आला नसता तर मी रस्त्यावर मेले असते, साहेब."

हे मला तोवर माहीत नव्हतं. देशावरच्या मोठ्या दुष्काळात साहेब नवे होते, नुकतेच बोटीतून उतरलेले. गाडीरस्त्यानं लोक चालत होते आणि चालता चालता पडत होते. एका बाईनं चिमुरडी मुलगी साहेबांच्या बैलगाडीत ठेवली आणि ती तशीच पुढं चालत गेली. साहेबांनी माणूस धाडला, पण ती सापडली नाही. ती मुलगी म्हणजे रिबकाबाई. नाव साहेबांनीच ठेवलेलं.

"आईचा चेहरा मला आठवत नाही," त्या म्हणाल्या. "मनगटावरचं गोंदण आठवतं, आणि तिच्या हाताची ऊब. तिनं तुमचं एक अक्षर ऐकलं नव्हतं. ज्या हातानं मला तुमच्या गाडीत ठेवलं तो हात जाळात आहे, असं मी बोलू शकत नाही. खरं असेल तर देव जाणे. माझ्या तोंडून नाही."

मडमबाई उठून आत गेल्या. साहेबांनी बराच वेळ दोन्ही हातांनी चेहरा झाकून धरला होता. वडीलजनांपैकी कुणीतरी खुर्ची सरकवली. शेवटी साहेब म्हणाले की ज्याला खात्री नाही त्याने शिकवू नये, हा नियम आहे आणि तो त्यांना स्वतःलाही लागू आहे. रिबकाबाईंचं बायबलबाईचं काम त्या दिवशी सुटलं. मंडळीतून त्यांना कुणी काढलं नाही.

खोलीवर आल्यावर मी रागानं दार लोटलं. मी विचारलं, "त्या मुलीचं का नाही विचारलंत?"

त्या चुलीपाशी बसून गवती चहा उकळत होत्या. "ते लेकरू त्यांचं आहे," त्या म्हणाल्या. "त्याला वादात कशाला ओढायचं? वाद जिंकले असते मी, पण साहेब पुन्हा त्या झाडाखाली जाऊन बसू शकले नसते."

दुसऱ्या दिवशी पाळक आले. त्यांच्या विचाराच्या मिशनमध्ये काम मिळवून देतो म्हणाले. या प्रसंगावर सगळीकडं बोलायला हवं म्हणाले. रिबकाबाईंनी त्यांना चहा दिला आणि नको म्हणून सांगितलं. "तुमच्याकडं आले तर स्वर्ग मनाचा आहे असं मला म्हणावं लागेल. भागीचा पोर मनात नाही वाहून गेला, पाळकसाहेब. ओढ्यात गेला." पाळक चांगले माणूस होते. ते वाद न घालता उठले आणि जाताना त्यांनी रिबकाबाईंना नमस्कार केला.

पाडव्यानंतर रिबकाबाई भागीच्या वाडीवर राहायला गेल्या. भागीच्या पडवीत त्यांनी बिऱ्हाड मांडलं. गोधड्या शिवायच्या, भाताच्या दिवसांत शेतावर जायच्या. बोलावलं तर आजूबाजूच्या वाड्यांवर जाऊन तोच मेंढपाळ, तीच रात्र सांगायच्या. आता कुणी पाठवलेलं नव्हतं. मी अधूनमधून जायची. एकदा पावसाळ्याच्या अखेरीस गेले, तर ढग इतके खाली उतरले होते की पडवीतून अंगण दिसत नव्हतं. दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. रिबकाबाई प्रार्थना करत होत्या. भागी नुसती बसली होती. मध्येच ती "गणू" एवढंच म्हणायची, आणि रिबकाबाई थांबून तिला म्हणू द्यायच्या. मग पुढं सुरू करायच्या. ढग आत येत होते आणि दोघींचे चेहरे विरळ होत होते. मी तिथं किती वेळ होते ते मला आजही सांगता येणार नाही.

काही वर्षांनी माझी बदली घाटावरच्या शाळेत झाली. सर्व्हिस मोटारीनं मी निघाले तेव्हा त्याच मोटारीत साहेब होते. ते कायमचे मायदेशी निघाले होते. त्याआधी शेवटचं म्हणून महाबळेश्वरला जुन्या सोबत्यांना भेटायला चालले होते. मडमबाई आदल्या वर्षी वारल्या होत्या. ते फारच वाकले होते.

घाट चढण्याआधी इंजिनात पाणी घालायला मोटार पोलादपूरला थांबली. बाजाराचा दिवस होता. आणि बाजाराच्या कडेला, वडाखालच्या दगडावर रिबकाबाई बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. साहेब त्यांना पाहून उतरले. मीही मागोमाग गेले.

"रिबका, मी जातो आहे. परत येणार नाही."

"ऐकलं होतं, साहेब. बसा."

साहेब दगडावर त्यांच्या शेजारी बसले. मग म्हणाले, "माझे मत बदललेले नाही. हे तुला सांगितलेच पाहिजे."

"मलाही उत्तर सापडलेलं नाही," रिबकाबाई म्हणाल्या.

"ती स्त्री? तिने बाप्तिस्मा घेतला?"

"नाही. पण माझ्याबरोबर बसते रोज."

साहेब बाजाराकडं बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तिच्या मुलाचे नाव काय होते?"

इतक्या वर्षांत, इतक्या चर्चांत, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"गणू," रिबकाबाई म्हणाल्या.

"गणू," साहेब म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले, अगदी नीट, नवा शब्द शिकताना म्हणावा तसा. मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं त्यांच्या विश्वासात बसत नव्हतं आणि त्यांनी ती केलीही नाही. पण डोळे मिटून ते बराच वेळ बसले आणि त्यांचे ओठ हलत होते. रिबकाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला होता.

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. साहेब उठले. मोटार चढणीला लागली. मी खिडकीतून बाहेर वाकले, हात हलवावा म्हणून. रिबकाबाई आमच्याकडं बघत नव्हत्या. डोंगरावरून उतरलेली कुणी एक बाई त्यांच्यासमोर थांबली होती. डोक्यावरचा गवताचा भारा तिनं खाली ठेवला होता आणि हातवारे करत ती काहीतरी सांगत होती. रिबकाबाई डोळे मिटून ऐकत होत्या.